स्टेट आणि मॅडिसनचा कोपरा

शिकागोत घरांचे नंबर स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकातून सुरू होतात. त्या शून्याच्या कोपऱ्यावर लुई सलिव्हन या वास्तुविशारदाने बांधलेली दुकानाची इमारत आहे. १८९९ मध्ये तिचा मॅडिसनकडचा छोटा भाग झाला, १९०३-०४ मध्ये कोपऱ्यावरचा बारा मजली भाग. पहिल्या मालकांकडून ती लगेचच कार्सन पिरी स्कॉट या दुकानाकडे गेली आणि शंभर वर्षं त्याच नावाने ओळखली गेली.

वर न बघता मी आधी भिंतीलाच जाऊन भिडले. खालचे दोन मजले बिडाच्या नक्षीने मढवलेले. वेली, पानं, उमलू पाहणाऱ्या कळ्या, मधूनच काटेकोर वर्तुळं. एक वेल कुठून निघाली म्हणून बोट फिरवत गेले, तर ती दुसऱ्या वेलीत शिरून हरवली. रंग हिरवा, पण त्याच्याखाली तांबडा दिलेला असल्यामुळे जुन्या कांस्याचा भास होतो. हे तपशील काढण्यात सलिव्हनचा सहकारी जॉर्ज एल्म्सली याचा हात मोठा होता. त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेते.

मग रस्ता ओलांडून समोरून पाहिलं. तिसऱ्या मजल्यापासून सगळं एकदम शांत! पांढऱ्या टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या फरशांची भिंत, आडव्या रुंद खिडक्यांच्या रांगा. खिडकीत मधे मोठी न उघडणारी काच, दोन्ही बाजूंना हवेसाठी अरुंद झडपा. याला ‘शिकागो खिडकी’ म्हणतात. भार पोलादी सांगाडा पेलतो, म्हणून भिंतीत एवढी काच बसवता आली आणि दिवसाउजेडी कापडाचा रंग पारखता येऊ लागला.

मला वाटतं, खरी समज इथेच आहे. पायी चालणाऱ्याची नजर पोचते तेवढ्यातच नक्षी. वर फक्त उजेडाची सोय. आपल्या जुन्या वाड्याचं दार कोरीव आणि वरची भिंत साधी असते, ते आठवलं.

आता आत टार्गेटचं दुकान आहे. कोपऱ्यावरच्या गोल दारातून लोक पिशव्या घेऊन सतत ये-जा करत होते. त्या दाराच्या वरच्या नक्षीत सलिव्हनची आद्याक्षरं, ‘एल एच एस’, गुंफलेली आहेत. मान वर करून बराच वेळ शोधली. पानांमधून आधी ‘एस’ सुटा झाला, मग बाकीची दोन.