स्लीव्हनंतरचा बायपास: मिरज–मुंबई–पुणे फेऱ्यांचा हिशेब

वजनासाठी झालेलं माझं पोटाचं ऑपरेशन (स्लीव्ह) बदलून बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं, करून घ्यायचं होतं. त्यासाठी मी तीन सर्जनना भेटले, त्या फेऱ्यांची ही हकीकत. पहिला सल्ला आधीच देऊन टाकते. ज्यांना घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मधला बर्थ घेऊ नये. आडवं झालं की आंबट पाणी वर येतं आणि मधल्या बर्थवर उठून बसायला डोक्यावर जागा नसते. साताऱ्याच्या पुढे मी खाली उतरले आणि उरलेली रात्र दाराजवळच्या बाकाच्या कोपऱ्यावर बसून काढली. सकाळी दादरला उतरले तेव्हा नवरा म्हणाला, "सर्जनला काही सांगू नकोस, नुसतं तोंड दाखव."

मिरजेच्या माणसाने उपचाराला बाहेरगावी जायचं म्हणजे उलटी गंगा. उत्तर कर्नाटकातून लोक आमच्याकडे येतात. पण वजनाचं पहिलं ऑपरेशन मी २०१७ साली पुण्यात केलं होतं, आणि एकदा झालेलं ऑपरेशन बदलून घ्यायचं तर रोज तेच काम करणारा माणूस हवा, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच बजावलं.

उंची १५८ सेंटिमीटर, तेव्हाचं वजन ११२ किलो. स्लीव्ह झाली. जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी होते. दीड वर्षात मी ७१ किलोवर आले. शाळेतल्या मुली ओळखेनात. मग लॉकडाउन, ऑनलाइन तास, चहा, बिस्किटं, आणि २०२५ च्या गणपतीत काटा पुन्हा ९१ वर. वजनाचं दुःख मी गिळलं असतं. गिळता येत नव्हती ती जळजळ. दोन वेळा गोळी घेऊनही रात्री उशा रचून झोपायचं. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर आम्ल सरळ अन्ननलिकेत येतं. माझ्या एंडोस्कोपीत दोन्ही निघालं: हर्नियाही आणि अन्ननलिकेला सूजही.

विम्याचं आधीच सांगते, म्हणजे कुणी आशेवर राहणार नाही. विमा नियामकाने २०१९ साली लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबद्दल जे प्रमाणित कलम घालून दिलं, त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार हवेत: अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), हृदयविकार. माझा बीएमआय ३६, साखर काठावर, आणि आम्लपित्त त्या यादीत नाही. माझा अर्ज नाकारला गेला. तरी तुम्ही अर्ज जरूर करा आणि नकार लेखी घ्या. ऑपरेशन वजनासाठी नसून अन्ननलिकेच्या आजारासाठी आहे, असं सर्जनचं पत्र जोडून तक्रार करता येते. मला तेवढा दम नव्हता. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं.

पितृपंधरवड्यात निघालो. घरच्यांनी नाकं मुरडली, पण त्या पंधरा दिवसांत लोक ऑपरेशनं पुढे ढकलतात, त्यामुळे एरवी तीन आठवडे न मिळणारी वेळ दोन दिवसांत मिळते. भेटायला जायचं आहे, पोट उघडायला नाही, अशी सासूबाईंची समजूत घातली.

पहिले सर्जन पुण्यात. स्वारगेटला उतरून रिक्षाने दहा मिनिटं. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो, टेबलावर पुतळा. आत आठ मिनिटं लागली. त्यांनी काटा पाहिला, माझं पोट पाहिलं, आणि म्हणाले, "मिनी बायपास करून टाकू, तिसऱ्या दिवशी घरी." मी जळजळीचं सांगत होते, ते वजनाचं बोलत होते. पिशवीतली फाईल पिशवीतच राहिली. बाहेर एका मुलीने लॅपटॉप उघडून बिनव्याजी हप्ते दाखवले. या महिन्यात केलं तर प्रोटीन पावडर त्यांच्याकडून.

मिनी बायपास वाईट नाही. आपल्याकडे पुष्कळ होतात आणि वजन-साखरेला चांगला गुण येतो. पण त्यात आतड्याचा एकच जोड असतो आणि पित्त जठराच्या पिशवीत, कधी वरपर्यंत येऊ शकतं. ज्याची मुख्य तक्रारच घशाशी येण्याची आहे, त्याला बरेच सर्जन दोन जोडांचा रू-एन-वाय बायपास सुचवतात, कारण त्यात आम्ल आणि पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून लांब राहतात. हे मला दुसऱ्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. पहिल्यांनी हे सांगून मग मिनीच सुचवला असता तरी मी विचार केला असता.

दुसरे मुंबईतले, दादरपासून जवळ. मी अभिमानाने फाईल पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली आणि परत दिली. "हे डिस्चार्ज कार्ड आहे. ऑपरेशन नोट कुठे आहे?"

मला तोवर हे दोन वेगळे कागद असतात हेच माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं. ऑपरेशन नोटमध्ये ते कसं केलं ते असतं: कुठून कुठपर्यंत कापलं, आत किती जाडीची नळी ठेवून कापलं, टाके कुठे घेतले, हर्निया दिसला होता का. पोट दुसऱ्यांदा उघडणाऱ्याला हा नकाशा लागतो. त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या: बेरियम पिऊन एक्स-रे, अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते पाहणारी २४ तासांची पीएच तपासणी.

आणि इथे एक फेरी वाया गेली. पीएच तपासणीआधी आम्लाची गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते. फोनवर वेळ देणाऱ्या बाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तंत्रज्ञाने पहिलाच प्रश्न तो केला आणि आम्ही आल्या पावली परत. पुढच्या वेळी गोळी बंद करून गेले. तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. मग नाकातून बारीक तार, कमरेला डबी. रोजच्यासारखंच खायचं आणि जळजळलं की बटण दाबायचं. नाकाला चिकटपट्टी लावून दादरच्या फूलबाजारातून चालले तर एका मावशींनी न मागता शेवंतीची वेणी दिली आणि म्हणाल्या, "बरं वाटेल गं." त्या चोवीस तासांत एवढं एकच बरं झालं.

आता ऑपरेशन नोट. तुमचं पहिलं ऑपरेशन कालपरवाच झालं असेल तर हा परिच्छेद वाचून आजच अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. माझी आठ वर्षं उलटून गेली होती. जुन्या रुग्णालयात पहिल्यांदा "सिस्टीम बदलली" म्हणाले. दुसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि जुना नोंदणी क्रमांक घेऊन रेकॉर्ड विभागाच्या दारात उभी राहिले. तिथल्या वयस्क काकांनी दुपारी जेवण झाल्यावर गोदामातून गठ्ठा आणला. एक पान मिळालं. ३६ फ्रेंच मापाची नळी वापरलेली, हर्निया "दिसला नाही", टाक्यांच्या रेषेवर शिवण. त्या एका पानासाठी मी मिरज–पुणे दोनदा केलं, आणि या सगळ्या खर्चात तेच तिकीट मला स्वस्त वाटतं.

तिसरे सर्जनही पुण्यातले. खोली लहान, फोटो नाहीत. बाहेर कोरेगावकडच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. कारण मिसरी. बायपासनंतर तंबाखूने जोडावर अल्सर होतो, म्हणून मिसरी सुटल्याशिवाय तारीख नाही. बाई चिडल्या होत्या. मला मात्र तिथेच जरा धीर आला.

त्यांनी आधी फाईल वाचली, पुरी वाचली, मग मान वर केली. "मॅडम, जळजळ कशाने ते कागदावर दिसतंय. वजन कशाने वाढलं ते तुम्ही सांगा." मी लॉकडाउन म्हटलं. "चारच्या चहाबरोबर किती बिस्किटं?" सहा. "ती बायपासनंतरही उतरतील." मग म्हणाले, जळजळ जाण्याची आशा चांगली आहे, पण दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्याएवढं वजन उतरेल असं धरू नका. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचाही विषय त्यांनीच काढला. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आहे, नुसतं वजन असतं तर आधी तेच बघू म्हटलं असतं. पण त्याने हर्निया जागेवर जात नाही आणि जठर हळू रिकामं होतं. कुणी ते घेत असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचं.

मी घरून प्रश्न लिहून नेले होते. स्लीव्हचे बायपास वर्षाला किती करता? किती जणांना गळती झाली, म्हणजे जोडातून आतलं पोटात झिरपलं? झाली तेव्हा काय केलं? पहिल्या सर्जनना विचारलं तेव्हा "आमच्याकडे होत नाही" हे उत्तर मिळालं होतं. यांनी आकडा सांगितला आणि तीन आठवडे आयसीयूत राहिलेल्या एका रुग्णाची हकीकत सांगितली, स्वतःची चूक कुठे झाली त्यासकट. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "एवढं ऐकून इथे करायचं?" मी म्हटलं, ऐकलं म्हणूनच.

तरी नक्की ठरलं ते दिवाळीवरून. मला सुटीत करून घ्यायचं होतं, रजा वाचली असती. त्यांनी साफ नाही म्हटलं. "त्या आठवड्यात माझे भूलतज्ज्ञ आणि रात्रीचे डॉक्टर निम्मे सुटीवर. तुम्हाला रात्री दोनला काही झालं तर उचलणारं माणूस ओळखीचं हवं." नोव्हेंबरची तारीख मिळाली. वैद्यकीय रजा टाकली.

पैशांचं. पुण्याचे पहिले सव्वाचार लाख, मुंबईचे पावणेसात, हे तिसरे चार लाख नव्वद हजार. आकडे शेजारी मांडून काही कळत नाही, आत काय धरलंय ते विचारा. जठर-आतडं कापून टाके घालणाऱ्या स्टेपलरची काडतुसं किती धरली आहेत? जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या जागी एखाददुसरं जास्त लागतं आणि प्रत्येक महाग असतं. किती दिवस धरलेत आणि पाचव्या दिवसापासून काय दर? आयसीयू, रक्त, पुन्हा दाखल व्हावं लागलं तर? हर्नियाची दुरुस्ती त्यातच की वेगळी? दिवसाला ५००० रुपयांच्या वर खोली गेली की त्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. मी त्याखालची घेतली. हे सगळं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेतलं. माझं अंतिम बिल ठरल्यापेक्षा एकतीस हजारांनी वाढलं, दोन जादा काडतुसांमुळे, आणि ते कागदावर आधीच होतं म्हणून वाद झाला नाही. सर्जनची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवली होती. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतली फेलोशिप कुठे, किती काळाची, हे त्यांना तोंडावर विचारायला लाजू नका.

ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचं, प्रथिनांचं खाणं, यकृत आकसून जागा व्हावी म्हणून. मग दुर्बिणीतून साडेतीन तास. संध्याकाळी चालवलं, पायात घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं. चौथ्या दिवशी सोडलं. पण घरी आलो नाही. गळती घरी गेल्यावरही, दहा-बारा दिवसांतसुद्धा उघड होऊ शकते आणि मिरज सव्वादोनशे किलोमीटरवर. बारा दिवस कोथरुडात मावसबहिणीकडे राहिले. तिने मुगाच्या कढणाचे जेवढे प्रकार केले तेवढे उडुप्याच्या मेनूत डोसेही नसतील. ज्यांचं कुणी नाही त्यांनी जवळची खोली खर्चात धरावी. ताप, खांद्यात दुखणं, नाडी १२०च्या वर गेली तर थांबायचं नाही, असं सांगून नर्सबाईंनी नाडी मोजायलाही शिकवली. परतताना गाडी दर तासाला थांबवून चाललो. खंबाटकी ओलांडल्यावर पहिल्यांदा भूक लागली.

निघताना सर्जननी मिरजेच्या आमच्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र दिलं, मी मागितलं नव्हतं. तुम्ही मागून घ्या. त्यात जोड कुठे आहेत त्याचं चित्र आहे. अचानक पोट दुखलं तर ॲसिडिटी म्हणून घरी न पाठवता सीटी स्कॅन करावा, कारण बायपासनंतर आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. नाकातून नळी आंधळेपणाने घालू नये. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायमचं. मी ते लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलंय, एक प्रत स्टाफरूमच्या कपाटात. मुख्याध्यापकांना वाटलं रजेचा अर्ज आहे, त्यांनी सही करून परत दिला.

सध्या ८२ किलो. आम्लाची गोळी अजून चालू आहे, जोड भरेपर्यंत घ्यायची आहे. उशी एकच. चारचा चहा बंद केलेला नाही, बिस्किटं केली आहेत, बहुतेक दिवस. पुढची तपासणी मे महिन्यात, पेपर तपासून झाले की. कोयनेचं दिवसाचं तिकीट काढलंय.