हात चुकला

बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी, चौदा वर्षांखालचा गट, माझ्याकडे काळी मोहरी. हरलो. रात्रीचे साडेनऊ झालेत आणि डोक्यात अजून पाचवी चालच फिरतेय.

इटालियन नावाची सुरुवात निघाली तेव्हा मनातून खूश होतो. समोरच्याचा उंट सी४वर आला, मी घोडा एफ६वर काढला, आणि चौथ्या चालीला त्याने घोडा थेट जी५वर नेला. टाराशसारखा मोठा खेळाडू या चालीला अडाण्याची चाल म्हणून हिणवायचा, पण आमच्या वयात तिने भल्याभल्यांची विकेट काढलीय. मी डी५ केलं, त्याने प्याद्याने प्यादं मारलं. इथे सी६चा घोडा ए५वर नेऊन उंटाला हुसकायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एक प्यादं जातं, पण मोहरी भराभर बाहेर येतात.

आणि माझा हात पडला एफ६च्या घोड्यावर.

पडला म्हणजे, बोटांत धरून उचललाच. त्याने वर पाहिलं. टच मूव्ह. आता हाच घोडा हलवायचा, आणि डी५चं प्यादं खाण्यावाचून बरं काही दिसेना. खाल्लं. घड्याळ बघितलं तर ९१ मिनिटं! ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असा वेळ होता. म्हणजे पाच चालींत मी वेळ घालवायच्या ऐवजी कमावून बसलो होतो. तो झटपट खेळतोय म्हणून मीही. कोणी सांगितलं होतं?

मग तो मात्र थांबला. चांगली बारा मिनिटं. कपाळाला मूठ लावून एफ७कडे टक लावून बसला. मी पाण्याची बाटली उगाच दोनदा उघडून बंद केली. नसेल दिसत त्याला, कदाचित.

दिसलं. फ्राइड लिव्हर म्हणतात तो हल्ला: घोडा एफ७वर, वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात. राजाने घोडा मारला, वजिराचा एफ३वरून शह, आणि डी५चा घोडा वाचवायला माझा राजा ई६वर, भर चौकात उघडा. पुढचं लिहीत नाही. बाविसाव्या चालीला मी हात पुढे केला.

नंतर बाहेर दोघांनी डाव पुन्हा मांडला. म्हणाला, "मी ए५ची तयारी करून आलो होतो रे. फ्राइड लिव्हर आज पहिल्यांदाच खेळलो."

"मग बारा मिनिटं काय बघत होतास?"

"तू मुद्दाम दिलंस की काय, ते."