‘ळ’वरचा ठिपका: स्पेक्ट्रमवर मराठी अक्षरं, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत ‘पाटी’ (स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर मराठी छापणारा माझा प्रोग्रॅम) जेमतेम एक ओळ मराठी छापत होती, तीही धापा टाकत. आता पडद्यावर बारा ओळी बसतात, बरीचशी जोडाक्षरं जुळतात, आणि कालच मामाच्या खऱ्या मशीनवर टेपच्या भोकातून लोड करून चालवून पाहिलं. मधले तीन शनिवार-रविवार मात्र एका ठिपक्याने खाल्ले. ही नोंद मुख्यतः त्या ठिपक्याची आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मशीन ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२ सालचं, सिंक्लेअरचं. आत साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम, ४८ किलोबाइट रॅम. पडदा २५६ गुणिले १९२. मी लिनक्सवर सी भाषेत लिहितो, झेड८८डीके हे साधन त्याची टेपची फाइल करून देतं, आणि ती फ्यूज इम्युलेटरात (पीसीवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालते. झेड८८डीके हे नाव मुळात सिंक्लेअरच्याच पुढच्या काळातल्या झेड८८ या मांडीवरच्या संगणकावरून आलं. झेड८८डीकेत दोन कंपायलर (सीचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) आहेत: स्वतःचा जुना, स्मॉल-सीच्या घराण्यातला, आणि दुसरा एसडीसीसी, झेड८८डीकेवाल्यांनी ठाकठीक केलेला. मी दुसरा वापरतो. कमाल ऑप्टिमायझेशन लावलं की तो एवढ्याशा फाइलला एवढा वेळ घेतो की चहा होतो, पण निघणारा कोड बघून राग येत नाही. रोजच्या कामात ते बंद ठेवतो आणि रात्री झोपण्याआधी एकदा लावतो.

अक्षराची मापं अखेर ठरली. एका ओळीला १६ पिक्सेल उंची: वरचे चार वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वाराला, मग एक शिरोरेषा, आठ अक्षराच्या अंगाला, खाली तीन उकाराला. रुंदी ज्याची त्याची. ‘र’ पाच पिक्सेलांत उरकतो, ‘अ’ला दहा लागतात. आठ-आठ पिक्सेलच्या चौकटीत सगळी अक्षरं कोंबायचा मोह पहिल्या आठवड्यात झाला होता. करून पाहिलं. ‘क’ आणि ‘फ’ एकमेकांचे जुळे भाऊ दिसायला लागले, सोडून दिलं. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचाच ठेवलाय. बाजारातले बरेचसे फाँट हिंदी वळणाचे असतात, निदान माझ्या स्पेक्ट्रमवर तरी तो त्रास नको.

मराठी मजकूर जसाच्या तसा स्पेक्ट्रमला देण्यात अर्थ नाही. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, आणि इथे सगळं मिळून हातात चाळीसेक किलोबाइट. शिवाय पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते आणि आधी काढायची असते. रफाराचं बरोबर उलटं. म्हणून हे सगळं दळण पीसीवरच दळतो. एक पायथन स्क्रिप्ट बिल्डच्या आधी मजकूर वाचते, वेलांट्या पुढे आणते, रफार मागे नेते, जोडाक्षरं ओळखते, आणि ज्या क्रमाने काढायचं त्याच क्रमाने एका-एका बाइटची यादी सीच्या अ‍ॅरेत टाकते. अर्ध्या अक्षरांचं कामही तीच करते: ग, त, न, प, म, स अशा दंडवाल्या अक्षरांचा दंड छाटला की अर्धं अक्षर तयार. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध वगैरे हाताने काढले. ‘दुसऱ्या’तला तो आडवा पापणीसारखा र पण हाताने काढला. तो नसता तर मराठी म्हणायलाच नको.

एका चिन्हाला एक बाइट ही काही माझी अक्कल नव्हे. आपल्याकडे इस्की (भारतीय लिप्यांसाठीचा संकेत) याच तत्त्वावर होतं: खालच्या १२८ जागा इंग्रजीला, वरच्या भारतीय लिपीला. पुण्याच्या सी-डॅकच्या, पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डाने याच संकेतावर पीसीला मराठी शिकवलं, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ताही इस्कीवरूनच आलाय. मी फक्त अक्षरांऐवजी आकारांना क्रमांक दिलेत.

आता वेगाचं. स्पेक्ट्रमचा पडदा १६३८४ या पत्त्यापासून सुरू होतो आणि त्याची रचना ज्याने पहिल्यांदा पाहिली तो एकदा तरी कपाळाला हात लावतो. पिक्सेलच्या ओळी एकाखाली एक नसतात. पडद्याचे तीन भाग, भागात आठ अक्षर-ओळी, आणि मेमरीत मात्र आधी सगळ्या अक्षर-ओळींची पहिली पिक्सेल-ओळ, मग सगळ्यांची दुसरी, असं. पण याचा फायदाही आहे: एका अक्षर-ओळीच्या आत खालच्या पिक्सेलवर जायचं तर पत्त्यात नेमके २५६ मिळवायचे, म्हणजे रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागेच्या) वरच्या अर्ध्या भागात एक. माझी ओळ १६ पिक्सेलची, एका भागात बरोबर चार ओळी, त्यामुळे भागाची सीमा मधे कधीच येत नाही. हे जमून आलं, ठरवून केलेलं नव्हतं.

खरी अडचण आडवी. रुंदी ज्याची त्याची म्हटलं की अक्षर बाइटच्या मधूनच सुरू होतं आणि आकार उजवीकडे सरकवावा लागतो. झेड८० एका वेळी एकच बिट सरकवतो. सीमध्ये मी साळसूदपणे ‘उजवीकडे इतके’ लिहिलं होतं, आणि लिस फाइल (कंपायलरने काढलेल्या सूचनांची यादी) उघडून पाहिलं तर तिथे एक वळसा (लूप), वळशात आणखी एक. किती वेळ जातो ते मोजायला जुनी युक्ती: काम सुरू होताना किनारीचा रंग लाल, संपताना काळा. लाल पट्टा जेवढा उंच तेवढा वेळ. एका अक्षराला जवळपास निम्म्या पडद्याइतका पट्टा! एका फ्रेममध्ये, म्हणजे पडदा एकदा रंगवायच्या वेळात, ६९८८८ टिक (प्रोसेसरचे ठोके) असतात, म्हणजे मी एका ‘क’साठी पस्तीसेक हजार टिक उधळत होतो.

उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच. सुरुवातीलाच तक्ते करून ठेवायचे: सात प्रकारचं सरकवणं, प्रत्येकाचा डावा आणि उजवा भाग, प्रत्येकी २५६ बाइट. एकूण ३५८४ बाइट गेले. तक्ते २५६च्या पटीतल्या पत्त्यांवर ठेवले की एचएल या रजिस्टरांच्या जोडीत खालच्या अर्ध्यात फाँटचा बाइट टाकायचा आणि वरच्या अर्ध्यात तक्त्याचा क्रमांक. वाचलं की डावा भाग. वरच्या अर्ध्यात एक मिळवून वाचलं की उजवा. सरकवणं संपलं. हा एवढा भाग मी असेंब्लीत (थेट प्रोसेसरच्या सूचनांत) लिहिला, बाकी सगळं सीतच आहे. पट्टा एकदम बोटभर झाला. एका फ्रेममध्ये दहा-बारा अक्षरं.

आणि इथेच मी माती खाल्ली.

असेंब्लीत रजिस्टरं पुरेनात. एचएल तक्त्याला, डीई पडद्याला, बीसी मोजणीला, आयएक्स कंपायलर स्वतःच्या स्टॅकसाठी (तात्पुरत्या किमतींच्या थप्पीसाठी) धरून बसलेला. उरला आयवाय. मी फाँटचा पॉइंटर आयवायमध्ये ठेवला आणि खूश झालो. चाचणी म्हणून पडदाभर ‘ळ’ छापायचा आणि कळ दाबली की रंग बदलून पुन्हा छापायचा असं केलं होतं. (‘ळ’ का, तर आवडतो.) पाच-सात कळा दाबल्यावर ‘ळ’च्या डाव्या गोलात एक ठिपका उगवला. सगळ्या ‘ळ’मध्ये, एकाच जागी. आणखी कळा दाबल्या तर दुसऱ्या ओळीत अजून एक. कळ दाबून धरली तर अक्षराला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. कळ नाही दाबली तर तासभर काही नाही.

पहिला शनिवार मी तक्त्यांवर संशय घेण्यात घालवला. दुसरा स्टॅकवर. स्टॅक खाली येऊन फाँटवर चढत असेल म्हणून त्याची जागा हलवली, फरक शून्य. मग फ्यूजमधून मेमरी फाइलीत उतरवून मूळ फाँटशी ताडून पाहिली. बिघडलेल्या प्रत्येक बाइटमध्ये फरक एकच: बरोबर ३२ जास्त. म्हणजे दर वेळी पाचवा बिट (मोजणी उजवीकडून, शून्यापासून), अक्षराच्या आठ पिक्सेल रुंद पट्टीत डावीकडून तिसरा पिक्सेल. आणि शिरोरेषेची ओळ मात्र धडधाकट, कारण तिथे तो बिट आधीपासूनच लागलेला.

३२ हा आकडा दिसल्यावर रॉमची (मशीनच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅमची) लिस्टिंग काढली. दर फ्रेमला इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) येतो, प्रोसेसर रॉममधल्या पत्ता ५६ वर जातो, तिथला कोड घड्याळ एकाने वाढवतो आणि कीबोर्ड बघतो. नवी कळ सापडली की शेवटी एक सूचना: आयवाय अधिक एक या पत्त्यावरचा पाचवा बिट लाव. रॉमची ठाम समजूत आहे की आयवायमध्ये कायम २३६१० असणार. २३६११ वर त्याचे फ्लॅग (खुणेचे बिट), आणि पाचवा बिट म्हणजे ‘नवी कळ आली’. माझ्या आयवायमध्ये मात्र त्या क्षणी ‘ळ’ची एखादी ओळ असायची. रॉम बिचारा इमानदारीत तिच्या पुढच्या ओळीवर ‘कळ आली’ अशी खूण करून जायचा.

गंमत म्हणजे त्याच इंटरप्टमध्ये याचा एक चुलतभाऊ लपलाय. घड्याळाचे खालचे दोन बाइट भरले की रॉम तिसरा बाइट आयवाय अधिक ६४ वर वाढवतो. हे होतं दर ६५५३६ फ्रेमनंतर, म्हणजे जवळपास बावीस मिनिटांनी एकदा. ठिपका सापडला नसता आणि फक्त हाच असता, तर मी छंद बदलला असता.

हे झेड८८डीकेच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. लायब्ररी सुरुवातीला इंटरप्ट बंद ठेवते ते याच भीतीने. मीच फ्रेमची वाट बघायला ते चालू केले होते.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत. एक, आयवाय सोडला. फाँटच्या पट्ट्या प्रत्येकी १६ बाइटच्या आहेतच, त्या १६च्या पटीतल्या पत्त्यावर बसवल्या. मग मोजणी वेगळी ठेवायची गरजच नाही: बीसी हाच पॉइंटर, ‘सी’मध्ये एक मिळवत जायचं आणि खालचे चार बिट शून्य झाले की पट्टी संपली. वर आयवायमधून वाचायला १९ टिक लागत होते, बीसीमधून ७ लागतात. म्हणजे चुकीचा कोड हळूही होता. दोन, रॉमच्या इंटरप्टपासून काडीमोड घेतला. इंटरप्ट मोड दोन (यात कुठे जायचं तो पत्ता एका तक्त्यातून वाचला जातो), २५७ बाइटचा तक्ता, सगळ्या बाइटमध्ये तीच किंमत, आणि माझा स्वतःचा चार ओळींचा हँडलर. २५६ नाही, २५७. तक्त्यातलं कुठलं घर वाचायचं ते सांगणारा बाइट बसवरून (प्रोसेसरच्या जोडतारांवरून) येतो, तो कुठला येईल याचा भरवसा नसतो, आणि २५५ आला तर पत्त्याचा दुसरा अर्धा भाग एक घर पुढून वाचला जातो.

सी भागात फार सांगण्यासारखं नाही. जिथे जमेल तिथे चिन्हरहित कॅरॅक्टर, स्थानिक चल स्टॅटिक, एकच अर्ग्युमेंट असेल तर फास्टकॉल म्हणजे ते थेट एचएलमधून जातं. प्रिंटएफ (सीचं छापायचं तयार फंक्शन) हाकलला, काही किलोबाइट सुटले. स्ट्रक्चरचा आकार सहाचा आठ केला, कारण सहाने गुणायला झेड८०कडे गुणाकारच नाही. रंग अजून ओळीपुरतेच आहेत. रंगाची चौकट आठ बाय आठची, माझी अक्षरं मधूनच सुरू होणारी, त्यामुळे एकच शब्द लाल केला की शेजारच्या शब्दाचा कानाही लाल होतो. सध्या तो मार्ग बंद.

खऱ्या मशीनचं थोडक्यात. मामाचा स्पेक्ट्रम प्लस, त्याने तेव्हा लंडनहून आणलेला. कीबोर्डचं मेंब्रेन बदललं, टीव्हीच्या मॉड्युलेटरला वळसा घालून काँपोझिट चित्रसंकेत थेट बाहेर काढला. टेपरेकॉर्डर नाही, म्हणून टेपच्या फाइलीची ध्वनिफीत करून मोबाइलवरून वाजवली. वीसेक किलोबाइटला दोन मिनिटं. लाल-आकाशी पट्टे आले, मग निळे-पिवळे, मामा खुर्ची पुढे ओढून बसला, आणि शेवटच्या दहा सेकंदांत आईचा फोन. टेप लोडिंग एरर. मामा म्हणाला, “आमच्या वेळी निदान फोन वेगळा होता.” दुसऱ्यांदा विमान मोड लावून. आलं. ‘सुट्टीत दुसऱ्या मामाकडे पोहे खाल्ले’ अशी चाचणीची ओळ होती, त्यावर “हा दुसरा मामा कोण?” एवढंच विचारून तो चष्मा काढून पडद्याजवळ गेला.

आता अडलंय ते ‘ट्ट’वर. एकाखाली एक दोन ट आठ पिक्सेलांत बसत नाहीत. खालचे उकाराचे तीन उसने घेतले तर अकरात बसतात, ‘सुट्टी’ छान दिसते. पण ‘लट्टू’ला उकार ठेवायला जागाच उरत नाही. पाय मोडून शेजारी-शेजारी लावायचा पर्याय आहे, पण डोळ्यांना पटत नाही. कुणी आठ ओळींत ‘ट्ट’ बसवला असेल तर चौकटींचा नकाशा द्या, मी रविवारी फाँटमध्ये घालून बघतो.