हाफ तिकीट

परवा दुपारी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते तर माझ्या जीन्सच्या खिशातून कागदाचा एक ओला गोळा निघाला. आधी वाटलं गेली पाचशेची नोट. हळूच उलगडून बघितलं तर एसटीचं तिकीट. अक्षरं सगळी धुऊन गेलेली, पण मला पाठ होतं ते: स्वारगेट ते वाई, महिला, अर्धं.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मीच पहिला अंगठा टाकला होता. आणि नंतर एसटीत पाय ठेवायला मला दोन वर्षं लागली. कारणं तुम्हाला माहितीच आहेत, डबे, परीक्षा, क्लास, कुणाचा तरी ताप. मग एका शनिवारी मुलं बाबाबरोबर कुठेतरी वाढदिवसाला दिवसभर जाणार होती आणि मी माळा आवरणार होते. माळ्याची शिडी काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं, परत ठेवली आणि कणीक मळून फ्रिजमध्ये टाकून सरळ स्वारगेट गाठलं. (कणीक मळल्याशिवाय घर सोडता येत नाही, हा रोग आहे.)

कंडक्टरनं मशीनमधून तिकीट फाडून दिलं आणि मला एकदम हसू आलं. म्हणजे मी परत हाफ तिकीट!

लहानपणी मामाकडे जायचो ते याच रस्त्यानं, लाल डब्यातून. कंडक्टर तो चिमटा दांड्यावर टकटक वाजवत यायचा, पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटं काढून कट्ट करून भोक पाडायचा. आईच्या मुठीत उलटीसाठी लिंबू. बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट, मी तेरा पूर्ण आणि वर बांबूसारखी वाढलेली. "विचारलं तर अकरा सांगायचं," आईनं स्टँडवरच पढवून ठेवलेलं. पण कंडक्टर हुशार, त्यानं वय विचारलंच नाही. "कितवीत आहेस गं बाळ?" मी छाती काढून "आठवीत!" आईनं मुकाट फुल तिकिटाचे पैसे काढले आणि दंडाला जो चिमटा काढला तो कंडक्टरच्या चिमट्याहून भारी. सुरूर फाट्यापर्यंत बोलली नाही माझ्याशी.

तर यावेळी शेजारी एक आजी होत्या. आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बटव्यात, बटवा कमरेला, हे सगळं सोडवून त्यांनी कंडक्टरला दाखवलं. पंचाहत्तरच्या पुढं फुकट. "माजं फुकाट, तुजं अर्धं," म्हणाल्या, "एकलीच निगालीस? पोरं?" म्हटलं, बापाजवळ आहेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा नीट बघितलं आणि पदरातल्या उकडलेल्या शेंगा पुढं केल्या. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मला त्यांच्या दोन्ही सुनांची सगळी माहिती झाली आणि त्यांना माझ्या सासूबाईंची. सुरूरला उतरताना टरफलं माझ्याच हातात देऊन गेल्या.

वाईहून रिक्षानं मेणवलीला गेले. नाना फडणवीसांचा वाडा, मागं कृष्णेचा घाट आणि घाटावर ती वसईच्या चर्चमधून आलेली घंटा, मेरीमातेची आकृती असलेली, १७०७ साल कोरलेली. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये, तेव्हाच्या लुटीतली. पोर्तुगीज देवाघरची बाई कुठल्या कुठे येऊन महादेवाच्या शेजारी राहिलीय, माहेरी कधी गेलीच नसेल, असलं काहीतरी डोक्यात येत राहिलं. पर्समध्ये लेकीची रफ वही होती, गणिताच्या पानामागे मी घंटा काढायला बसले. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती हो माझी! त्यानंतर पेन्सिल धरली ती किराणा लिहायला आणि पोरांच्या प्रोजेक्टला. खोडरबर नव्हता, तासभर बसले, पायाला मुंग्या आल्या, फोन तीनदा वाजला तो उचलला नाही. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, वांगं छान काढलंस."

ती आता बाराची होईल. तिला वय चोरायची गरजच नाही, जन्मभर हाफ. लेकाला मात्र आता फुल पडतं.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं, घाट, घंटा, आजी, शेंगा. तिनं एवढंच विचारलं, "तिकीट किती पडलं?" अर्धं म्हटल्यावर म्हणाली, "तेव्हा अकरा सांगायला काय झालं होतं तुला?" मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मामा गेल्यापासून ती वाईला गेलेली नाही. "पुढच्या वेळी मला ने," म्हणाली.

मी म्हटलं, अगं घाट, पायऱ्या, तुझे गुडघे. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

तिकिटाचा गोळा अजून खिडकीत वाळत ठेवलाय. कशाला ते माहीत नाही. रविवारी तिला फोन करते.