वेरूळ: टूर बस की आपलं आपण?

मागे आईबाबांना घेऊन संभाजीनगरहून एका दिवसाची टूर बस केली होती, दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, मकबरा, पाणचक्की सगळं एका दिवसात उरकायचं, आणि कैलास लेण्यापाशी गाइड म्हणतो पाऊण तासात बसपाशी या! अहो ३४ लेणी आहेत तिथे. बाबा रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधतायत आणि मागून शिट्टी.

यंदा एकटीच एसटीने गेले, तीसेक किलोमीटर तर आहे. सोळा नंबरमध्येच, म्हणजे कैलास लेण्यातच, दोन तास काढले, बाजूने वर चढून बघितल्यावर डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे खरं कळतं. गाइड नव्हता म्हणून बरंच सुटलंही असेल म्हणा. आईला मात्र बसच हवी, गुडघे दुखतात तिचे. आणि हो, मंगळवारी जाऊ नका, बंद असतं.