ताईच्या पेन्शनची फाईल आणि माहितीचा अधिकार

माझे दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९९८ साली नोकरीला लागले आणि सेवेत असतानाच गेले. १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची नेमणूक असल्याने जुनी पेन्शन योजना लागू होती. ताईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार यात कुणालाच शंका नव्हती. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव वेळेत तयार करून दिला, वारसाची कागदपत्रं, मृत्यू दाखला, सेवापुस्तक सगळं जोडून पाठवला. त्यानंतर मात्र फाईलचा पत्ताच लागेना.

पंचायत समितीत विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘वर पाठवलीय.’ जिल्हा परिषदेत गेलं की ‘आमच्याकडे आलीच नाही, तालुक्याला विचारा.’ ताई दर वेळी मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवून एसटीने जायची आणि ‘साहेब मीटिंगला आहेत’ ऐकून परत यायची. तिला तिथे कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे हळहळायचे. पण हळहळीने घरात किराणा येत नाही, आणि दोन मुलांची शिक्षणं चालू असलेल्या बाईला असं फिरवणं हा अन्यायच आहे असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

मग आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलं. पहिला निर्णय, अर्ज ताईच्याच नावाने. मी भाऊ म्हणून अर्ज केला असता तर ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून तो बाजूला पडायची शक्यता होती. कर्मचाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं ही वैयक्तिक माहिती आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा गिरीश देशपांडे प्रकरणातला निकाल आहे, तो कार्यालयं हमखास पुढे करतात.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. ‘पेन्शन का मंजूर केली नाही?’ असं विचारायचं नाही. माहिती म्हणजे दप्तरात जे कागदावर आहे ते, त्यामुळे ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. आम्ही कागद मागितले, नाव घेऊन: प्रस्ताव ज्या दिवशी आला त्या दिवसाच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत, फाईलवरच्या संपूर्ण टिपणी भागाची (लिपिक-अधिकारी आपले शेरे लिहितात ती पानं) प्रत, प्रस्ताव कोणत्या टेबलावर कधीपासून कधीपर्यंत होता त्याची नोंद व संबंधितांचं पदनाम, आणि या प्रकरणात झालेला पत्रव्यवहार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, पण एवढं त्यात आरामात बसतं. शेवटी एक ओळ टाकली की माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करावा. ‘वर पाठवलीय’ आणि ‘आलीच नाही’ या खेळाला ही ओळ चाप लावते.

जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही. पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही, हे मी ताईला बजावून सांगितलं होतं. ती हलली नाही.

कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मुदत उलटून गेल्यावर एक पत्र आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. नवऱ्याच्या पेन्शनसाठी बायकोनेच केलेल्या प्रस्तावाची माहिती बायकोलाच नाकारली होती. ते पत्र वाचून ताई गप्प बसली. मला मात्र राग आवरेना.

इथे बरेच जण थांबतात. माझं ठाम मत आहे की खरं काम पहिल्या अपिलातच होतं, ते कधीच सोडू नये. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. कुणाला दंड करण्याचा अधिकार त्याला नाही. दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० हा दंड फक्त माहिती आयोग लावू शकतो, त्यामुळे त्याच्यासमोर दंडाची भाषा करण्यात अर्थ नसतो. पण तो खालच्याला फाईल घेऊन समोर उभं करू शकतो. आम्हाला तेवढंच हवं होतं. अपिलात दोनच मुद्दे लिहिले. अर्जदार स्वतः मयत कर्मचाऱ्याची पत्नी व वारस आहे आणि माहिती तिच्याच प्रस्तावाची आहे, तेव्हा हे कलम लागू होत नाही. आणि मुदत उलटल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळाव्यात, एरवी पानाला दोन रुपये पडतात.

सुनावणीला ताई स्वतः बोलली. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी माहिती नाकारणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, ‘या बाईंचाच प्रस्ताव ना हा? मग त्यांना नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?’ त्यांनी तिथेच फाईल मागवली. इतके महिने जी कुणाला सापडत नव्हती ती फाईल त्याच इमारतीतून चहा यायच्या आत टेबलावर आली. आदेश झाला: आजच अवलोकन करू द्या, प्रती साक्षांकित करून मोफत द्या.

आम्ही बाकावर बसून फाईल उघडली. उजव्या बाजूला पत्रव्यवहार, डाव्या बाजूला टिपणी. पहिल्या टिपणीत लिपिकाने लिहिलं होतं की आंतरजिल्हा बदलीआधीच्या काळाची वेतन पडताळणी सेवापुस्तकात नोंदलेली नाही, सबब त्रुटी कळवावी. त्याखाली अधिकाऱ्यांनी हिरव्या शाईत ‘त्रुटी कळवा’ असा शेरा मारून तारखेसह सही केली होती. त्याखालचं पान कोरं. जावक नोंदवही पाहिली, तर त्या तारखेनंतर आमच्या नावाचं एकही पत्र निघालेलं नव्हतं. त्रुटी आहे हे कार्यालयाला माहीत होतं, कळवायचं असंही ठरलं होतं, फक्त कुणी कळवलंच नव्हतं.

ती टिपणी हातात आल्यावर गोष्टी हलल्या. ताईने साक्षांकित प्रत जोडून निवेदन दिलं. त्यात महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाचा, म्हणजे ज्याला आपण दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो त्याचा, आधार घेतला. कलम १० म्हणतं की एरवी कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. कोरं पान आणि वरची तारीख समोर असताना यावर बोलायला कुणाकडे काही नव्हतं. सेवापुस्तक पडताळणीसाठी गेलं. जुन्या जिल्ह्यातल्या एका लिपिकाने मनापासून शोधून दप्तरातून जुनी वेतन देयकं काढून दिली. त्या माणसाचे आमच्यावर उपकार आहेत.

माहिती वेळेत दिली नाही म्हणून आयोगाकडे तक्रार करावी का, यावर घरात चर्चा झाली. ताई नको म्हणाली. तिला पेन्शन हवी होती आणि आयोगाकडे नंबर लागायला फार काळ जातो. तिचा निर्णय मला पटला. मात्र पहिल्या अपिलातही माहिती मिळाली नसती, तर नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील करायची तयारी होती.

कुटुंब निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू झालं आहे. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम अजून आलेली नाही. लेखा विभागाकडे उपदानाबाबतच्या टिपणीची प्रत मागणारा अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे, यावेळी ताईने तो स्वतःच लिहिला.