तुम्ही विचारलंत म्हणून: आईने माझा अभ्यास घेतला का?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत मे महिना संपत आला की एकच विषय चालू असतो, कुणी कुठला क्लास लावला. त्यात कुणाला तरी आठवतं की माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि ठरलेलं वाक्य येतं: "तुमचं बरं होतं हो, आईच शिक्षिका. सगळा अभ्यास घरच्या घरी होत असेल ना?" मी काम करते त्या बँकेत विचारतात, लग्नकार्यात विचारतात. आई गेल्यापासून तर जास्तच.

तर नाही. आईने माझा अभ्यास घेतला नाही. तो बाबांनी घेतला, आणि बाबा शहापूर डेपोला एसटीत कंडक्टर होते.

आई १९७४ साली नोकरीला लागली. तेव्हा ठाणे जिल्हा म्हणजे इकडे मुरबाडपासून तिकडे डहाणू-तलासरीपर्यंत सगळा. पालघर वेगळा निघाला तो २०१४च्या १ ऑगस्टला. पहिली नेमणूक डोळखांबच्या बाजूला, एका पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत. एकच खोली, चार भिंतींकडे तोंड करून चार इयत्ता, आणि मधोमध आई. कातकऱ्यांची, ठाकरांची, थोडी कुणब्यांची मुलं. दिवाळी झाली की कातकरी बिऱ्हाडं वीटभट्टीवर निघायची ती पोरांसकट, आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. पट भरलेला आणि वर्ग रिकामा, अशी अर्ध्या वर्षाची कथा. पुढे नव्वदच्या दशकात वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवायला सुरुवात केली, पण आईच्या उमेदीच्या काळात असलं काही नव्हतं. बिऱ्हाड निघालं की ती त्यांच्या बोचक्यात एक वाचनपुस्तक कोंबायची. परत येताना ते पुस्तक बहुतेक वेळा यायचं नाही. सरकारी पुस्तक, त्याचा हिशेब द्यावा लागे, म्हणून आई स्वतःच्या पैशाने दुसरं आणून ठेवायची. यावरून बाबांची आणि तिची जुंपायची.

कोसबाडला अनुताई वाघांचं आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम पाहायला ती एकदा जाऊन आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर जे केलं ते तेव्हा शिक्षकांच्या बोलण्यात असायचंच. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, तिचं नाव विकासवाडी. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. आईने काही शाळा रानात नेली नाही. तिने दोनच गोष्टी उचलल्या. एक, धाकटं भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही. त्यामुळे तिच्या वर्गात कायम दोन-तीन रांगती बाळं असायची आणि तपासणीला साहेब आले की त्यांच्या कपाळावर आठी. दुसरी, शिकवायचं साहित्य विकत आणायचं नाही, वेचायचं. त्यात आमच्या घरातला चिंचोक्यांचा डबा गेला, माझे सागरगोटे गेले, आणि आजीने सुपारीसाठी ठेवलेली पितळी डबी गेली. डबीबद्दल आजी शेवटपर्यंत बोलत होती.

आता दाखल-खारीज रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या आणि काढलेल्या मुलांच्या नोंदवहीबद्दल सांगते, कारण तिची खरी शिक्षकी मला तिथे दिसते. तुमच्या ओळखीत खेड्यात शिकलेली जुनी माणसं असतील तर त्यांच्या जन्मतारखा विचारून पाहा. निम्म्यांची १ जून निघेल. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय त्या हिशेबात बसलं पाहिजे, आणि घरच्यांना तारीख माहीत नसायची. मग गुरुजी उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान धरायला सांगत. धरला की सहा वर्षं पूर्ण, तारीख १ जून, पुढचा. आईची स्वतःची जन्मतारीखही तिच्या गुरुजींनी अशीच लावलेली. श्रावणात जन्मलेली ही बाई कागदावर १ जून १९५२ची. 

त्याचा तिला मनापासून राग होता. त्यामुळे नाव घालायला बाप आला तरी ती आईला बोलावून घ्यायची, नाहीतर शाळा सुटल्यावर स्वतः घरी जायची. "शिमग्याच्या आधी की नंतर? लावणी चालू होती की कापणी? त्याच्या आधीचं पोर तेव्हा चालत होतं का?" असं खोदून खोदून एक महिना तरी काढायचा आणि मग तारीख लिहायची. जातीच्या रकान्याचंही तेच. आधीच्या कुणी नुसतंच 'ठाकूर' लिहून सोडलेलं असायचं. ठाकरांच्या दोन शाखा, म ठाकूर की क ठाकूर, हे विचारून, मोठ्या भावंडाची नोंद पाहून, गावातल्या म्हाताऱ्याला विचारूनच ती लिहायची. वडिलांनी कधी शाळा पाहिलेली नाही, आजोबांनी तर नाहीच. म्हणजे अनेक घरांचा हा पहिला लेखी कागद. तो शाईने लिहिला जायचा आणि त्यात खाडाखोड चालत नसे. जेवायला बसलो की आई मध्येच हात थांबवून म्हणायची, "त्या पोराचं उद्या परत विचारायला हवं." कुठल्या पोराचं, ते आम्ही विचारायचंही सोडून दिलं होतं.

शाळेतून तिला यायला सहा-साडेसहा व्हायचे. मग स्वयंपाक, मग टाचण. उद्या कुठल्या वर्गाला काय शिकवायचं त्याची ही वही, ट्यूबलाइटखाली पाटावर मांडी घालून ती लिहायची. मी माझी वही घेऊन शेजारी गेले की मान वर न करता उत्तर यायचं, "तुझ्या बाईंना विचार. त्यांचं काम मी करणार नाही." मला ते तुसडेपणाचं वाटायचं. तिचं म्हणणं असं की तुझ्या बाई कशा शिकवतात ते मला माहीत नाही, मी मध्ये पडले तर तुझ्या डोक्यात दोन पद्धतींचा काला होईल. हे खरं होतं. ती दमलेली असायची हेही खरं होतं. माझ्या शाळेच्या पालकसभेला बाबा खाकी कपड्यांत यायचे, कारण त्या वेळी आई दुसऱ्यांच्या पालकांची सभा घेत असायची.

म्हणून बाबा. डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि कॅश जमा करून ते घरी यायचे आणि जेवता जेवता दिवसभराचा हिशेब मला कोड्यासारखा घालायचे. "दोन रुपयांचं पहिलं तिकीट फाडलं त्याचा नंबर ४१२. शेवटचं फाडलं ४५०. किती तिकिटं गेली?" मी वजाबाकी करून अडतीस म्हटलं की ते म्हणायचे, "एक माणूस फुकट गेला. चेकर चढला तर मी काय सांगू?" मग मी बोटांवर मोजून एकोणचाळीसवर यायची. आज बँकेत चेकबुकाची पानं मोजताना कुणी हीच चूक केली की मी आपोआप म्हणते, एक माणूस फुकट गेला. नवीन पोरांना काही कळत नाही.

आईने मला शिकवलंच नाही असंही अगदी नाही. चौथीला स्कॉलरशिप असायची तेव्हा. मधली काही वर्षं ती पाचवीला होती. तिच्या शाळेतली तीन मुलं त्या परीक्षेला बसणार होती, आणि शाळेच्या वेळेत चार इयत्ता सांभाळून त्यांना वेगळं शिकवणं शक्य नव्हतं. म्हणून ती मुलं रविवारी आमच्या घरी यायची. मीही त्याच वर्षी चौथीत. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चौघं बसायचो. आई आत भाजी टाकून यायची, साडीच्या पदराला हात पुसायची आणि त्या क्षणी तिचा आवाज बदलायचा. घरात ती पुटपुटल्यासारखं बोलायची, तेही अर्धी वाक्यं. इथे शब्द न् शब्द सुटा, मोठा, शेवटपर्यंत. मला ती आडनावाने हाक मारायची, जशी इतरांना मारायची. आणि मी हात वर केला तरी माझ्याकडे सगळ्यात शेवटी वळायची. जेवायला वाढतानाही क्रम तोच. त्या रविवारी मला पहिल्यांदा कळलं की शाळेतली आई ही घरातल्या आईपेक्षा जास्त मजेत असते.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आईच्या शोकसभेत तिच्या 'त्यागा'बद्दल बरंच बोललं गेलं. मला तो शब्द पटत नाही. तिला पगार मिळत होता, वेळेवर वाढत होता, आणि तिला घरकाम आवडत नव्हतं. शाळा आवडत होती. बस. त्याग झालाच असेल तर तो आजीचा झाला, जिने सत्तरीपर्यंत आमच्या भाकऱ्या भाजल्या, आणि थोडा माझा. १९९१च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम लागलं होतं आणि मला कांजिण्या आल्या होत्या. आई सकाळी फॉर्मांची पिशवी घेऊन पाडे पालथे घालायला जायची आणि संध्याकाळी लांबूनच विचारायची, "खाज कमी आहे का?" बाबांनी रजा टाकली. बायकोच्या नोकरीसाठी नवऱ्याने रजा टाकायची, ही शहापुरात तेव्हा चर्चेची गोष्ट होती. त्या आठवड्याचा राग माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही, आणि आई गेली म्हणून तो गेला असं म्हणणार नाही.

१९९५च्या १५ ऑगस्टला पोषण आहाराची योजना आली. खिचडी नंतरची, सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तरच. शाळेच्या ओट्यावर तराजू लावून आई तांदूळ मोजायची आणि घरी आली की केसांत भुसा. हजेरीपत्रकात खोटं लिहायचं नाही हा तिचा बाणा होता. पण योजना आल्यापासून दुपारी तीनला दारात डोकावलेलं पोरही तिच्या लेखी हजर होऊ लागलं. उन्हाळ्यात तर पोरी सकाळी पाण्यालाच गेलेल्या असायच्या. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर. पुढे ठाण्यात आमच्याकडे राहायला आल्यावर कुणी नळ सोडून ठेवला की आई तो येऊन बंद करायची आणि एक शब्द बोलायची नाही.

१ जूनची तारीख लावून घेतल्यामुळे ती ३१ मे २०१० रोजी निवृत्त झाली. श्रावण धरला असता तर आणखी अडीच-तीन महिने मिळाले असते, हे ती वर्षभर ऐकवत होती. त्याच वर्षी १ एप्रिलपासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला होता. कायद्याचं मराठी पुस्तक तिने पेन घेऊन वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे मी जाताना हे आले होय."

बाबा गेल्यावर ती ठाण्याला आली. इथे तिने वॉचमनच्या मुलांना गोळा करून शिकवलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालं नाही. निवृत्तीनंतर तिने कुणालाही शिकवलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. दुपारी झोपायची, संध्याकाळी मालिका पाहायची. मुलीला मी क्लास लावला तेव्हा फीचा आकडा ऐकून तिने चष्मा काढला आणि परत घातला. इतकंच.

पण माणसं यायची. अनुसूचित जमातींच्या दाखल्यांची तपासणी करणाऱ्या समितीचं कोकण विभागाचं कार्यालय ठाण्यात आहे. कुणाच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश, कुणाच्या पोराला नोकरी, आणि पडताळणीसाठी घराण्यातली जुन्यात जुनी नोंद हवी. शाळेतून बापाचा दाखल-खारीज उतारा काढायचा, तर त्यावर आईचं अक्षर. ती मंडळी कामाला ठाण्यात आली की घरी डोकवायची, झेरॉक्स दाखवायची. आई आपलं अक्षर बोटाने वाचायची आणि म्हणायची, "ही मार्चची तारीख बरोबर आहे. तुझी आई म्हणाली होती, होळी पेटायची होती." समोरचा पन्नाशीचा माणूस मान डोलवायचा. एकदा असाच एक जण स्वतःच्या रिक्षातून आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. पैसे मीटरप्रमाणे घेतले. आईने सुटे नसल्याबद्दल त्याला दोन शब्द ऐकवले.

आई गेल्याचं कळायला त्यातल्या काहींना उशीर झाला. मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या, अंगणवाडी सेविका आहेत, आईच्या पहिल्या शाळेतल्या. त्या आईची गाणी म्हणू लागल्या, पावसाचं, बोटं मोजायचं, एक बेडकाचं. मी यातलं एकही कधी ऐकलं नव्हतं. माझं तोंड पाहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "घरी नव्हत्या म्हणत का बाई?"

"नाही," म्हटलं.

"मग घरी काय म्हणायच्या?"

"दूध उतू जाईल, बघ तिकडे, असं म्हणायची."

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मग आसनगावची गाडी चुकेल म्हणून घाईने उठल्या, आणि बेडकाचं गाणं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं.